शेगडी, बंब आणि धुराची वाट

सनदा, महजर, वंशावळी व पत्रव्यवहार यांच्या आधारें आमच्या प्रांताचा राजकीय इतिहास बराच उजेडांत आला आहे. कोणत्या सालीं कोणता किल्ला पडला, कोणतें वतन कोणाकडे गेलें, हें आतां शाळेंतील मुलासही सांगतां येतें. परंतु ज्या अग्नीवर पिढ्यान्‌पिढ्या अन्न शिजलें, थंडीच्या पहाटे स्नानाचें पाणी तापलें आणि बाळंतिणीच्या खोलींत ऊब राहिली, त्या घरगुती अग्नीच्या इतिहासाकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाहीं. विस्तवाच्या हयगयीनें वाडे गेले, दप्तरें गेलीं आणि माणसेंही गेलीं. माणसें तर अजून जात आहेत.

पवनाकांठचें चिंचवड, त्यालगतची पिंपरी आणि उत्तरेस चाकण, या टापूंत हिवाळ्यांतील घरच्या विस्तवाचीं साधनें कशीं बदलत गेलीं, आणि प्रत्येक साधनाबरोबर तें राखण्याचा कोणता नियम आला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: घरांतील प्रत्येक अग्नीस दोन वाटा लागतात, एक हवा आंत येण्याची व दुसरी धूर बाहेर जाण्याची. चूल होती तोंवर या दोन्ही वाटा घराच्या बांधणींतच होत्या. अग्नि चुलींतून उठून शेगडींत, तेथून बंबांत व शेवटीं गॅसच्या यंत्रांत गेला. वाटा मात्र दर वेळीं त्याच्याबरोबर गेल्याच असें नाहीं.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दच पाहूं. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडांतील वैश्यवर्गांत पाकशाळेंतील वस्तूंचीं नांवें एकत्र आलीं आहेत. तेथें चुलीस चुल्लि, अन्तिका, अधिश्रयणी, उद्धान व अश्मन्त असे पांच शब्द आढळतात. अधिश्रयणी म्हणजे जिच्यावर भांडें चढवावयाचें ती. अश्मन्त या शब्दांत अश्मन् म्हणजे दगड उघड दिसतो. आणि तीन दगडांची चूल शेतावर आजही मांडली जाते. चुलीपाठोपाठच निखारे ठेवण्याच्या पात्राचीं चार नांवें दिलीं आहेत: अङ्गारधानिका, अङ्गारशकटी, हसन्ती व हसनी. अङ्गारशकटी म्हणजे निखाऱ्यांची गाडी. यांतील शकटी या शब्दापासून प्राकृतांतून आपली शेगडी आली. गुजराथींत तिलाच सगडी म्हणतात. हसन्ती म्हणजे हसणारी. हें नांव कां पडलें असावें, हें ज्यानें पौषांतल्या पहाटे राखेआडून लाल होणाऱ्या निखाऱ्यांपुढें हात शेकले आहेत त्यास सांगावयास नको.

या दोन गटांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. चूल ही बसलेली. तिची जागा ठरलेली, तिच्यावरचें छप्पर ठरलेलें. शेगडी ही नांवाप्रमाणेंच हिंडणारी. ती ओसरीवर पेटते, माजघरांत नेतात, रात्रीं निजावयाच्या खोलींत ठेवतात. स्वयंपाकघर सोडून अग्नि जेव्हां खोल्याखोल्यांतून हिंडूं लागला, तेव्हांच या लेखाचा विषय झालेला धोका उत्पन्न झाला.

जळणाचे शब्दही त्याच कोशांत आहेत. वाळलेलें शेण तें करीष, म्हणजे आपली गोवरी. आणि कोंड्याचा मंद अग्नि तो कुकूल. हा कोंड्याचा अग्नि पुढें विसाव्या शतकांत लांकडाच्या भुशाच्या शेगडीच्या रूपानें कामगारांच्या चाळींतून पुन्हां अवतरला, हें येथें नोंदवून ठेवतों.

२. चरकाचें अग्निगृह

घर तापविण्याच्या भट्टीचें सविस्तर वर्णन संस्कृत वाङ्मयांत कोठें आहे काय, असा प्रश्न आम्हांस एका विद्यार्थ्यानें विचारला होता. तें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, चौदाव्या म्हणजे स्वेदाध्यायांत आहे. तेथें घाम काढण्याच्या तेरा प्रकारांत जेन्ताक नांवाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यासाठीं एक वर्तुळाकार घर बांधावयाचें. त्याची उंची व रुंदी सोळा अरत्नि, म्हणजे सुमारें सात मीटर. भिंती मातीनें चांगल्या लिंपलेल्या. आणि त्यास वातायनें, म्हणजे खिडक्या, अनेक. मध्यभागीं पुरुषभर उंचीची मातीची भट्टी. तिला पुष्कळ बारीक छिद्रें आणि वर झाकण. भिंतीच्या कडेनें दारापर्यंत हातभर उंच व रुंद असा ओटा. भट्टींत खदिर किंवा अश्वकर्ण यांसारखें लांकूड भरून तें पेटवावयाचें. आणि लांकडें नीट जळून धूर नाहींसा झाला, घर सोसेल इतकें तापलें, असें वैद्यास पटलें म्हणजे मगच रोग्यास आंत घ्यावयाचें.

यापुढील सूचना अधिक महत्त्वाची आहे. रोग्यास बजावून सांगावयाचें कीं, घेरी आली तरी भिंतीकडेचा ओटा सोडूं नये. ओट्याच्या आधारानेंच दार गांठावें. तो सुटला तर दार न सांपडून जीव जाण्याचा प्रसंग येईल. चरकास ही घेरी स्वेदानें येते असें वाटत होतें, आणि उष्णतेनें ती येतेही. परंतु आज रसायनशास्त्राच्या साह्यानें आपणांस आणखी एक कारण ठाऊक आहे. हवा अपुरी पडली म्हणजे कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो घटक प्राणवायु वाहून नेतो त्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक बळानें चिकटतो. डोकें दुखणें, मळमळ, हातापायांतील शक्ति जाणें व झोंप येणें हीं त्याचीं लक्षणें. आणि झोंप येते म्हणूनच मनुष्य उठून दार उघडीत नाहीं.

चरकानें दोन अटी घातल्या होत्या: धूर गेलेला असावा आणि खिडक्या अनेक असाव्या. पहिली अट आमच्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळली. दुसरी मात्र विसरली. धूर नाहीं म्हणजे धोका नाहीं, असा समज होऊन बसला. वस्तुतः धूर गेल्यावर जे लाल निखारे राहतात, त्यांतूनच हा अदृश्य वायु मोठ्या प्रमाणांत निघतो. वैद्यकांत थंडीच्या दिवसांत निवात जागा सांगितली आहे, तिचाही असाच विपर्यास झाला. निवात म्हणजे जेथें अंगावर वाऱ्याचा झोत येत नाहीं अशी जागा. जेथें हवेलाच मज्जाव आहे अशी नव्हे.

ही चूक केवळ आमचीच आहे असें नाहीं. रोमन बादशहा ज्युलियन यानें इ. स. ३६३ मध्यें लिहिलेल्या एका उपरोधिक ग्रंथांत, पॅरिसच्या ठिकाणीं असलेल्या लुतेतिया गांवीं एका हिवाळ्यांत खोलींत निखारे आणविल्यामुळें आपण गुदमरून मरणाच्या दारीं कसे गेलों, तें सांगितलें आहे. त्यानंतर दीड हजार वर्षांनीं, १९०२ सालच्या सप्टेंबरांत, त्याच पॅरिसांत प्रसिद्ध कादंबरीकार एमिल झोला हे निजावयाच्या खोलींतील शेगडीचें धुराडें तुंबल्यामुळें रात्रींत मरण पावले. बादशहाच्या शेगडीस वाट नव्हती; झोलांच्या शेगडीस ती होती, पण बुजलेली होती. दोहोंचा परिणाम एकच.

३. चूल, साणें आणि बाळंतिणीची खोली

आतां आमच्या टापूकडे वळूं. मोरया गोसावींच्या समाधीमुळें चिंचवडास मार्गशीर्षांत यात्रा भरते, ती ऐन थंडींत. पवनेकांठची पहाटेची हवा किती बोंचते हें यात्रेकरूंस ठाऊक आहे. पुण्याच्या वेधशाळेंत जानेवारी १९३५ मध्यें पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. असा हिवाळा विरळा; तरी दहा-बारा अंशांची पहाट या बाजूस दरसाल येतेच.

येथील जुन्या घरांत स्वयंपाकघर बहुधा मागील चौकाच्या बाजूस असे. चुलीमागें वैल, म्हणजे चुलीच्या उरलेल्या आंचेवर दुसरें भांडें ठेवण्याची जागा. एका जळणांत दोन भांडीं तापत. धाब्याच्या घरास छपरांत साणें ठेवलेलें असे. त्यांतून उजेड आंत येई व धूर बाहेर जाई. कौलारू घरांत कौलांच्या फटी तेंच काम करीत. धुरानें आढें काळें होई, सुनांच्या डोळ्यांस पाणी येई आणि छातीचे विकार जडत, हें खरेंच. त्या काळाचें कौतुक करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु साण्याची वाट बंद करण्याचें कोणाच्या मनांत येत नसे, कारण धूर स्वतःच डोळ्यांत जाऊन आपली वाट मागून घेई.

शेगडीची गोष्ट निराळी. कोळशास धूर नाहीं, म्हणून तिनें वाट मागितली नाहीं. याचें सर्वांत करुण उदाहरण बाळंतिणीची खोली. माजघरालगतची अंधारी खोली, दारास पडदा, खिडकी असल्यास तीस चिंध्या कोंबलेल्या, बाजेखालीं शेगडी, आणि वर ओवा व बाळंतशोपा यांची धुरी. जाणत्या सुइणी शेगडी अंगणांत पेटवीत, कोळशांवर पांढरी राख धरूं देत, आणि मगच ती आंत आणीत. चरकाची पहिली अट येथें अक्षरशः पाळली जाई. परंतु खोली बंद. बाळंतीण गुंगली, मूल निपचित पडलें, तर दोष दृष्टीला, वाऱ्याला किंवा सटवाईला लागे. शेगडीला लागत नसे. अशा खोल्यांतून किती जीव गेले याची गणती कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं. घराण्यांच्या वंशावळींत जेथें एकाच सालीं सून व नातवंड दोघांच्याही नांवापुढें रेघ दिसते, तेथें संशोधकानें इतर कारणांबरोबर या कारणाचाही विचार करावा, इतकेंच आम्ही सुचवितों.

४. बंब

शेगडीनंतरचें साधन बंब. हा शब्द पोर्तुगीज बोंबा, म्हणजे पाणी उपसण्याचें यंत्र, यावरून आला असें मानतात. मराठींत त्याचे दोन अर्थ झाले: आग विझविण्याचा तो आगीचा बंब आणि पाणी तापविण्याचा तो न्हाणीघरांतील बंब. एकाच नांवाखालीं आग लावणारें व आग विझविणारें अशीं दोन यंत्रें नांदावीं, हा भाषेचा चमत्कार आहे.

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ठोकून घडविलेले तांब्याचे बंब या बाजूच्या घरोघर गेले. त्याची रचना अशी: बाहेर तांब्याचें उभें नळकांडें, त्याच्या पोटांतून खालून वर गेलेलें दुसरें अरुंद नळकांडें, दोहोंमध्यें पाणी. आंतील नळकांड्याच्या तळाशीं जाळी, जाळीवर निखारे, जाळीखालीं राखेची जागा. हवा खालून जाळींतून शिरते, ज्वाळा पाण्याच्या मधून वर चढते, आणि धूर माथ्यावरून बाहेर पडतो. एका बाजूस पाणी भरण्याचें नरसाळें व सैल झाकण, दुसऱ्या बाजूस तोटी. चुलीवरच्या हंड्यांत अग्नि पाण्याखालीं असतो व बहुतेक आंच बाजूंनीं वायां जाते. बंबांत अग्नीभोंवतीं सर्व बाजूंनीं पाणी असतें. शेगडीनें जी वाट टाकून दिली ती बंबानें आपल्या पोटांत बांधून घेतली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याचा हिशेबही करून पाहावा. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारें ३,३५० किलोजूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लांकडांत सुमारें १६,००० किलोजूल असतात. उघड्या तीन दगडांच्या चुलींत त्यांपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्यास पोंचतात. म्हणजे एका माणसाच्या स्नानास दीड ते दोन किलो लांकूड गेलें. तेंच चाळीस टक्के उष्णता पाण्यास मिळाली तर अर्ध्या किलोवर भागतें. मात्र लांकूड सुकें पाहिजे. नुकतेंच तोडलेल्या लांकडांत निम्मेंअधिक वजन पाण्याचेंही असूं शकतें, आणि तें पाणी आटविण्यांतच आंच खर्च होते. म्हणूनच जुनीं शहाणीं माणसें उन्हाळ्यांतच वखारींतून लांकडें आणून, ढलप्या काढून पडवींत रचून ठेवीत.

बंब राखण्याचे नियम या रचनेंतूनच निघतात. पाणी भरल्यावांचून विस्तव घालूं नये. कोरड्या बंबाचा डाख वितळून सांधे सुटतात. जितकें गरम पाणी काढावें तितकें थंड पाणी ओतावें. नरसाळ्यावरील झाकण सैल असतें तें तसेंच असूं द्यावें. वाफेस वाट मिळावी म्हणूनच तें सैल ठेवलेलें असतें. बंद पात्रांत वाफ कोंडली तर काय होतें हें कारखान्यांनीं जाणलें, म्हणून १९२३ सालीं बॉयलरांचा कायदा झाला व २०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. बंब त्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं, कारण तो बंद नाहीं. पण ज्यानें झाकणावर दगड ठेवला त्यानें आपल्या हातानें घरांत बॉयलर बांधला असें समजावें. जाळी रोज झाडावी, कारण राखेनें ती बुजली म्हणजे खालची हवा तुटते. आंत क्षार धरले तर चिंचेच्या पाण्यानें काढावे. क्षारांचा थर आंच अडवितो व जळण वाढवितो. आणि सर्वांत मुख्य नियम हा कीं, बंब पडवींत अथवा परसांत असावा. त्याची वाट माथ्यापर्यंतच आहे. पुढची वाट मोकळ्या हवेनें द्यावयाची असते. बंद न्हाणीघरांतील बंब ही उंच शेगडीच होय.

५. कागद आणि राख

बंबाशीं या त्रैमासिकाच्या वाचकांचा आणखी एक संबंध आहे, आणि तो दुःखाचा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आम्ही चाकणच्या बाजूस एका जुन्या घरीं कागदपत्रांच्या शोधार्थ गेलों होतों. घरांतील वृद्ध बाईंनीं आदरानें बसविलें, चहा दिला. परसांत बंब धडधडत होता. शेजारीं ढलप्यांची टोपली, आणि तींत वर मोडी लिहिलेले लांबट कागद. आम्ही विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “मास्तर, मामंजींचे जुने कागद आहेत. मोडी आतां घरांत कोणाला येतें? विस्तव लवकर धरतो म्हणून घेतों झालं.” त्यांच्या स्वरांत अपराध नव्हता आणि आम्हांसही त्यांना दोष देतां येईना. टोपलींतून जेवढे उचलतां आले तेवढे उचलले. घरखर्चाचे हिशेब होते. कडा जळलेल्या, साल सांगणारी पहिली ओळ बहुतेक पानांवर गेलेली. जी ओळ गेली तिजवांचून उरलेल्या ओळींचें मोल निम्म्यावर आलें.

कागद हें जळण म्हणूनही वाईट. तो भडकून क्षणांत संपतो, पाण्यास फारशी आंच देत नाहीं, त्याची हलकी राख जाळी बुजविते, आणि जळते तुकडे नळकांड्यांतून वर उडून छपरावर पडतात. ही गोष्ट गृहिणींस इतिहासाच्या महतीपेक्षां लवकर पटते, असा आमचा अनुभव आहे. संग्राहकांनीं घरोघर जातांना हेंच आधीं सांगावें, आणि कागदांच्या मोबदल्यांत सुक्या ढलप्यांचें एक पोतें पाठवून द्यावें. दप्तर त्याहून स्वस्तांत मिळणें कठीण.

दुसरी हानि माळ्यावरची. चुलीच्या धुरानें कसर लागत नाहीं म्हणून रुमाल स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर ठेवण्याची चाल कित्येक घरांत होती. कसर लागत नसेल. पण काजळी व कोरडी आंच यांनीं कागद ठिसूळ होतो, आणि एक ठिणगी वर गेली तर माळा प्रथम पेटतो. राखेचाही विश्वास धरूं नये. आगपेटी घरोघर येण्यापूर्वी रात्रीं निखारे राखेखालीं पुरून ठेवीत व पहाटे तेच फुंकून चूल पेटवीत. राखेखालीं निखारा रात्रभर जगतो, हेंच त्या चालीचें मर्म. आणि म्हणूनच काल थंड दिसलेली राख आज टोपलींत अथवा लांकडी फळीवर ओतणें धोक्याचें. ती धातूच्या भांड्यांत, घरापासून दूर, पाणी शिंपडून ठेवावी. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत गेला. ती आग सात दिवस धुमसत होती असें सांगतात. लांकडी इमारत एकदां पेटल्यावर हातीं काय उरतें, हें त्या चौथऱ्याकडे पाहिलें म्हणजे कळतें.

६. भट्ट्यांच्या प्रांतांत

चाकणच्या संग्रामदुर्गानें अग्नीचें उग्र रूप १६६० सालीं पाहिलें. शाइस्ताखानाचा वेढा फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारें दोन महिने सोसला. अखेर बुरुजाखालीं सुरुंग उडवून मोगलांनीं वाट पाडली. आज त्याच चाकणच्या सभोंवार अग्नि कह्यांत ठेवणाऱ्या भट्ट्या आहेत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि पुढें चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. ज्या गांवांत एकेकाळीं लोहाराचा भाताच काय तो ऐकूं येई, तेथें आतां पोलाद तापवून ठोकण्याच्या मोठ्या भट्ट्या चालतात.

या भट्ट्यांवर काम करणारा मनुष्य हवेचें व जळणाचें प्रमाण यंत्रावर पाहतो. धुराड्याची तपासणी वेळेवर होते. वायूची गळती दाखविणारीं साधनें भिंतीवर असतात. तोच मनुष्य पाळी संपवून घरीं येतो तेव्हां काय पाहतो? आरंभीं चाळींतील एका खोलींत कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह. नंतर सदनिका आल्या आणि गॅस आला. धूर गेला, डोळ्यांचें पाणी गेलें. ही सुधारणा मोठीच. पण स्नानगृहांत गॅसचा गिझर आला, आणि त्याच्याबरोबर बाळंतिणीची खोली परत आली: दार लावलेलें, झरोका थंडीमुळें बंद, आंत अग्नि, आणि धूर दिसत नाहीं म्हणून निर्धास्त मन.

येथेंही हिशेब करावा. लहान गिझर तासास सुमारें एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस पुरता जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानांत सुमारें दोन घनमीटर हवेंतील प्राणवायु संपला. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व २.४ मीटर उंच अशा स्नानगृहांत एकंदर हवा सातच घनमीटर. त्यांतील चौथा हिस्सा गेला. प्राणवायु इतका उतरला कीं ज्योत अर्धवट जळूं लागते, आणि तोच अदृश्य वायु निघूं लागतो. एकामागून एक चार माणसें स्नान करीत असतील तर शेवटच्यावर प्रसंग येतो, व तो बहुधा घरांतील लहान असतो. अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यांत आमच्या प्रांतांतील वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात. आणि आंत गेलेलें माणूस बराच वेळ कां बाहेर येत नाहीं म्हणून दार फोडावें लागलें, हें वाक्य त्यांत बहुधा असतेंच.

उपाय नवा नाहीं. गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेंत लावावा. आंत असेल तर त्याची धुराची नळी भिंतींतून थेट बाहेर न्यावी. खालीं हवा येण्याची व वर धूर जाण्याची अशा दोन जाळ्या कायम उघड्या ठेवाव्या. ज्योत निळी आहे कीं पिंवळी झाली तें पाहावें, आणि पिंवळी दिसली तर यंत्र बंद करून कारागिरास बोलवावें. दर हिवाळ्यापूर्वी एकदां तें साफ करवून घ्यावें. डोकें जड झालें किंवा घेरी आली तर विचार करीत बसूं नये. आधीं दार उघडून बाहेर यावें. चरकाच्या रोग्यास ओटा न सोडण्याची जी आज्ञा होती, तिचा आजचा अर्थ दाराची वाट न सोडणें हाच.

७. उपसंहार

जुन्या घरांचीं वर्णनें लिहितांना आम्ही दरवाजा, देवडी, तुळया, खांबांवरील नक्षी हीं सर्व टिपतों. साणें टिपीत नाहीं, बंबाची जागा टिपीत नाहीं. पुढें घर पाडलें म्हणजे ती माहिती कायमची जाते. वाचकांनीं आपापल्या गांवच्या वाड्यांची पाहणी करतांना चूल कोठें होती, धूर कोठून जाई, बाळंतिणीची खोली कोणती व तीस झरोका होता कीं नाहीं, एवढें अवश्य लिहून ठेवावें. घरखर्चाच्या जुन्या कागदांत लांकूड, कोळसा, गोवऱ्या यांच्या रकमा आढळतील, त्याही उतरून घ्याव्या. कोणत्या महिन्यांत जळण किती वाढे, यावरून त्या सालच्या थंडीचा अंदाज बांधतां येईल.

आणि पाहणी आटोपून घरीं परतल्यावर आपल्या स्वतःच्या स्नानगृहाचा झरोका एकदां डोळ्यांनीं पाहावा. थंडीमुळें त्यावर कोणी पुठ्ठा लावला असेल तर तो त्याच दिवशीं काढावा.